लिथियमसाठी उपसलेलं ब्राइन कायद्यात 'पाणी' धरतात का?

प्रश्न थोडक्यात असा: सालारमधल्या, म्हणजे मिठाच्या पठारावरच्या, लिथियम प्रकल्पाच्या अहवालात 'पाण्याचा वापर अत्यल्प' असं लिहिलंय, मग स्थानिक लोक पाण्यावरूनच का भांडताहेत? आणि यावर कायदा कोणता लागतो, खाणीचा की पाण्याचा?

अहवाल खोटा असेलच असं नाही. त्यात 'पाणी' म्हणजे फक्त गोडं पाणी धरलेलं असतं. जमिनीखालून उपसलेलं ब्राइन, म्हणजे लिथियम विरघळलेलं अतिखारं पाणी, त्या रकान्यात येतच नाही, कारण बऱ्याच ठिकाणी कायद्याच्या लेखी ते खनिज आहे.

आकडा स्वतः काढून बघा. एक टन लिथियम कार्बोनेटमध्ये लिथियम असतं साधारण 188 किलो. ब्राइनमध्ये दर लिटरला 1.5 ग्रॅम लिथियम आहे असं धरलं, तर सगळंच्या सगळं हाती लागलं तरी 1 लाख 25 हजार लिटर ब्राइन उपसावं लागेल. निम्मंच हाती लागलं तर अडीच लाख. आणि लिटरला 0.6 ग्रॅम इतकंच पातळ ब्राइन असेल, तर त्याच निम्म्या हिशेबानं सव्वासहा लाख. बाष्पीभवनाच्या तळ्यांत या ब्राइनमधलं बहुतेक पाणी वर्ष-दीड वर्षात हवेत उडून जातं. अहवालातल्या 'अत्यल्प' या शब्दाशेजारी हा आकडा ठेवून बघा.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण चिली. तिथं 1979 पासून लिथियम सरकारसाठी राखीव आहे (त्याआधीचे काही दावे सोडून), त्यामुळे आताकामाच्या सालारमध्ये ब्राइन किती उपसायचं हे सरकारी संस्थांशी झालेले करार आणि पर्यावरण मंजुरी यांवर ठरतं. गोड्या पाण्याचा हक्क मात्र 1981 च्या जलसंहितेखाली, वेगळ्या कार्यालयातून. 2022 मध्ये ही संहिता बदलली: पाणी मिळणं हा मानवी हक्क ठरला, पिण्याच्या आणि घरगुती वापराला अग्रक्रम मिळाला, नवे हक्क कायमचे न देता 30 वर्षांपुरते देण्याची तरतूद आली. सुधारणा चांगलीच आहे, पण ब्राइनला ती थेट लागत नाही. खाणकाम करताना सापडणाऱ्या पाण्याचं आणखी वेगळं. ते खाणधारकाला वापरता येतं, फक्त जलखात्याला कळवावं लागतं.

जमिनीखाली मात्र ही दोन खाती वेगळी नसतात. सालारच्या कडेला डोंगरातून आलेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे जड ब्राइनवर तरंगत असतं. खारं तळं, ओलसर कुरणं, पक्ष्यांचे अधिवास सगळे याच पट्ट्यात. मधोमध ब्राइन उपसलं की पातळी उतरते आणि ही सीमा हळूहळू सरकायला लागते. परिणाम कडेपर्यंत पोचायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. म्हणून 'पाच वर्षांत काही झालं नाही' हा युक्तिवाद फारसा कामाचा नाही.

आताकामातच 2016 मध्ये पर्यावरण नियंत्रकानं एका मोठ्या उत्पादकावर आरोप ठेवले होते. त्यातला एक, मंजुरीपेक्षा जास्त ब्राइन उपसल्याचा. दुसरा जास्त बोलका आहे: कामार भागातल्या एका विहिरीच्या परिसरात अल्गारोबोची झाडं वाळत चालली होती, तरी ते रोखायची पावलं उचलली नाहीत. कंपनीनं दिलेली सुधारणा योजना नियंत्रकानं मान्य केली, पण डिसेंबर 2019 मध्ये पर्यावरण न्यायालयानं ती मान्यताच रद्द केली. मुद्दा हा की योजनेतले उपाय परिणामकारक ठरतील याची खात्री पटत नव्हती.

आता हातात असलेला अहवाल कसा वाचायचा. आधी एकक बघा. उपसा 'लिटर प्रति सेकंद' असा दिला की छोटा वाटतो. सेकंदाला 1 लिटर म्हणजे वर्षाला सुमारे 31,500 घनमीटर. मग उपसा निव्वळ आहे की एकूण ते बघा, कारण परत सोडलेलं ब्राइन वजा करून दाखवण्याची पद्धत आहे. नंतर निरीक्षण विहिरींची यादी काढा: उपसा सुरू होण्याआधीच्या नोंदी आहेत का, ओल्या आणि कोरड्या दोन्ही हंगामांतल्या आहेत का, आणि विहिरी कडेच्या पट्ट्यात आहेत की फक्त मधोमध? आधीच्या नोंदी नसतील तर पुढं पातळी घसरली तरी 'दुष्काळामुळे' म्हणायला मोकळं रान. सगळ्यात महत्त्वाचं, पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की काय करायचं? तिथं 'अभ्यास करण्यात येईल' लिहिलं असेल तर ती अट नुसती शोभेची. 'उपसा इतक्या टक्क्यांनी कमी करावा लागेल' असं लिहिलं असेल तरच तिला दात आहेत. मोजणारी संस्था कंपनीच्याच पगारावर असेल, तर कच्च्या नोंदी सार्वजनिक करण्याची अट मागा.

'थेट निष्कर्षण', म्हणजे तळ्यांत न वाळवता ब्राइनमधून लिथियम थेट वेगळं काढण्याची पद्धत, वापरणार म्हणजे प्रश्न मिटला, असं मानू नका. त्यात ब्राइन परत जमिनीत सोडतात हे खरं, पण लिथियम पकडणारा पदार्थ धुवायला गोडं पाणी लागतं. म्हणजे ब्राइनच्या रकान्यातला भार गोड्या पाण्याच्या रकान्यात सरकू शकतो. शिवाय परत सोडलेलं पातळ ब्राइन चुकीच्या जागी गेलं तर साठाच पातळ होतो.

एकेका प्रकल्पाचा अहवाल ठीक दिसतो आणि खोरं मात्र आटतं, ही नेहमीची गफलत. अर्जेंटिनात नैसर्गिक साधनसंपत्ती प्रांतांच्या मालकीची असते (1994 च्या घटनेचं कलम 124). तिथल्या कातामार्का प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये ओम्ब्रे मुएर्तो सालारच्या लोस पातोस नदी परिसरात नव्या परवानग्या थांबवल्या. सगळ्या प्रकल्पांचा एकत्रित परिणाम आधी तपासा, असं सांगून. तुमच्या खोऱ्यात दुसरा प्रकल्प येत असेल तर हीच मागणी सर्वात आधी करा. दोन्ही प्रकल्पांच्या मंजुऱ्या हाती पडल्यावर ती करून फारसा उपयोग नसतो.

लिथियमसारख्या खनिजावर 'महत्त्वपूर्ण खनिज' हा सरकारी शिक्का बसला की परवानगीच्या मुदती आखडतात. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्यात धोरणात्मक खाण प्रकल्पाला परवानगी द्यायची मुदत 27 महिने आहे. पण पाण्याचा 2000 सालचा निर्देश तिथं रद्द झालेला नाही, पाण्याचं नुकसान चालवून घ्यायचं असेल तर त्यातल्या अपवादाच्या अटी सिद्ध कराव्याच लागतात. भारतात सप्टेंबर 2025 च्या एका कार्यालयीन पत्रानं अशा खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. माझ्या मते मुदत आखडण्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे. झरा कोणत्या महिन्यात आटतो हे गावातल्या माणसाला माहीत असतं, आणि ते अधिकृत कागदावर यायची जागा म्हणजे जनसुनावणी.

'न्याय्य संक्रमण' (स्वच्छ ऊर्जेकडे जाताना कुणावर अन्याय होऊ नये हे तत्त्व) हे शब्द हवामानबदलावरच्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत आहेत, त्यांच्या आधारावर कुणाला पंप बंद करायला लावता येत नाही. मूळ रहिवाशांशी सल्लामसलतीसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक 169 जास्त उपयोगी, आणि चिली व अर्जेंटिना दोघांनीही तो मान्य केलाय.

खाण बंद करण्याची योजनाही वाचायला विसरू नका. पंप थांबले त्याच दिवशी पातळी सावरत नाही, कडेला तर ती त्यानंतरही काही काळ उतरत राहू शकते. बँक हमी आणि विहिरींचं मोजमाप उपसा संपताच संपत असेल, तर तेवढं एक कलम बदलून घ्या.