अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीतून पावसाचं पाणी घरात येतं, काय करावं?

आधी खालच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतून बघा. ते बाहेर न जाता तुंबलं, तर निचऱ्याची भोकं धूळ-केसांनी बुजलीत. तारेने मोकळी करा. भोकंच नसतील (बरेच फॅब्रिकेटर पाडतच नाहीत) तर ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला, अगदी तळाशी, दोन्ही टोकांजवळ ५-६ मिमीची पाडून घ्या. ट्रॅकच्या दोन खाचांमधल्या उभ्या पट्टीलाही भोकं हवीत, नाहीतर आतल्या खाचेतलं पाणी तिथेच राहतं.

पाणी नीट निघून जातंय, तरी भिंत ओली? मग चौकट आणि भिंतीमधली फट. जुनं सिलिकॉन कटरने पूर्ण खरवडा, कारण त्यावर नवं धरत नाही. जागा कोरडी करून बाहेरून न्यूट्रल (व्हिनेगरसारखा आंबट वास न येणारं) वेदरप्रूफ सिलिकॉन भरा, २४ तास पाणी लागू देऊ नका. कारागीर त्याच हाताने निचऱ्याची भोकंही बुजवतात, तेवढं उभं राहून बघा.