फ्रेझल व्हर्ब्ज पाठ करूनही बोलताना गल्लत का होते?

आपण विचारले आहे की फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे क्रियापद आणि त्यापुढचा 'अप', 'ऑफ' यांसारखा छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोड्यांच्या, लांबलचक याद्या अर्थांसह पाठ केल्या, तरी बोलताना 'पुट ऑफ', 'पुट आउट' आणि 'पुट अप विथ' यांची गल्लत होते, तेव्हा ती टाळावी कशी. माझ्या मते दोष आपल्या स्मरणशक्तीचा नसून यादीच्या मांडणीचा आहे, कारण एकाच क्रियापदाखाली दहा जोड्या लिहिल्या की त्या दिसायला इतक्या सारख्या होतात की एकीचा अर्थ दुसरीला चिकटतो. १७५५ साली इंग्रजीचा प्रसिद्ध कोश सिद्ध करणाऱ्या सॅम्युएल जॉन्सन यांनीही त्याच्या प्रस्तावनेत नमूद केले होते की क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परभाषकांना फार कठीण जाते.

म्हणून यादी क्रियापदाप्रमाणे न लावता त्याच्या मागून येणाऱ्या छोट्या शब्दाप्रमाणे लावून पाहा. प्रहार, आहार, विहार, संहार या शब्दांत धातू एकच असूनही उपसर्ग अर्थाला निरनिराळ्या दिशांना नेतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. इंग्रजीत तेच काम हा छोटा शब्द करतो, फक्त तो क्रियापदाच्या नंतर येतो. 'अप' पुष्कळदा क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो: 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. मराठीत 'टाकणे' हे सहायक क्रियापद जी पूर्णतेची छटा देते, तीच इथे 'अप' देतो. 'ऑन' बहुधा सातत्य दाखवतो, जसे 'कॅरी ऑन', 'कीप ऑन'. 'ऑफ' वेगळे होणे किंवा दूर सारणे सुचवतो, त्यामुळे 'कट ऑफ' म्हणजे तोडून वेगळे करणे आणि 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. मात्र 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे, हे वेगळे ध्यानात ठेवावे, कारण 'द मीटिंग वॉज पुट ऑफ' ऐकल्यावर सभा पुढे कधीतरी होणार असते आणि 'कॉल्ड ऑफ' ऐकल्यावर ती होणारच नसते. 'आउट' दोन अर्थांनी वारंवार भेटतो: दडलेले बाहेर येणे, जसे 'फाइंड आउट', आणि संपणे किंवा विझणे, जसे 'रन आउट' व आग विझवण्यासाठीचे 'पुट आउट'.

या दिशा वाट दाखवतात, पण सगळीकडे पोहोचवत नाहीत. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे कोणत्याही तर्काने निघत नाही. ते संपूर्ण वाक्यासहच आत्मसात करावे लागते. 'मेक अप'चे तर गोष्ट रचणे, भांडणानंतर समेट करणे आणि बुडालेले काम भरून काढणे असे निरनिराळे अर्थ आहेत. ते सगळे एकाच दिवशी शिकू नयेत. वाचनात जो अर्थ आधी भेटेल तेवढाच वहीत उतरवावा.

अर्थाइतकेच महत्त्व शब्दांच्या जागेला आहे, आणि याद्या नेमके तेच सांगत नाहीत. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, परंतु नामाऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे: 'टर्न इट ऑफ' बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक. याउलट 'लुक आफ्टर' या जोडीत मध्ये काहीही शिरत नाही, म्हणून 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे. 'लुक फॉरवर्ड टू' नंतर क्रियापद आले तर त्याचे 'इंग' लागलेले रूप वापरावे, म्हणजे 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात 'टू मीट' लिहिले गेलेले मी इतक्यांदा पाहिले आहे की हा एक नियम आपण आजच पक्का करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

लेखनाबाबत आणखी एक गोष्ट. क्रियापद म्हणून 'ब्रेक डाउन' हे दोन शब्द सुटे लिहितात, तर नाम म्हणून 'ब्रेकडाउन' एकत्र लिहितात आणि आघात पहिल्या भागावर देतात. 'लॉग इन' आणि 'लॉगिन' यांतही हाच भेद आहे. औपचारिक अहवालात 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन' अधिक शोभते, पण 'कॅरी आउट' किंवा 'सेट अप' यांसारख्या जोड्या तिथेही निःसंकोच चालतात.