वाचकांचे प्रश्न : ‘नवरा’ विस्कटला तर ‘वानर’ होतो का?

प्रश्न : वर्तमानपत्रातली साधी शब्दकोडी मी कित्येक वर्षे सोडवते आहे. अलीकडे क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोड्यांकडे वळले, पण तासभर डोके खपवूनही चार शब्द भरले जात नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्तर पाहिले तरी तेच का बरोबर, हे उमजत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपण शोधसूत्र वाक्य म्हणून वाचता आहात, म्हणून ते दाद देत नाही. साध्या कोड्यातले शोधसूत्र हा एक सरळ प्रश्न असतो. गूढ कोड्यातल्या शोधसूत्रात मात्र एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून त्यांचे एक वाक्य केलेले असते. पहिली वाट म्हणजे उत्तराची व्याख्या; ती बहुधा वाक्याच्या अगदी आरंभी किंवा अगदी शेवटी सापडते. उरलेल्या शब्दांत, ते उत्तर अक्षरे जुळवून कसे घडवायचे, याची कृती सांगितलेली असते.

‘उलटी वाहणारी नदी गरीब (२)’ हे शोधसूत्र पाहा; कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. वाचताना डोळ्यांपुढे पाणी उभे राहते आणि तिथेच आपण फसतो. नदी हा इथे केवळ दोन अक्षरांचा शब्द आहे. तो उलटा लिहिला की ‘दीन’ होतो आणि दीन म्हणजे गरीब. साध्या कोड्यात नुसते ‘गरीब (२)’ असते, तर ‘दीन’ की ‘रंक’ हे ठरवायला उभ्या शब्दांची वाट पाहावी लागली असती. इथे ‘रंक’ लिहायला जागाच नाही. दोन्ही वाटा ज्या शब्दापाशी भेटतात तेच उत्तर, ही खात्री जागच्या जागी मिळते. गूढ कोड्याचा खरा आनंद मला तरी यातच वाटतो.

काही शोधसूत्रांत कृती नसते, दोन व्याख्याच लागून ठेवलेल्या असतात. ‘ओसाड जमीन गळ्यात (२)’ याचे उत्तर ‘माळ’. काहींत तुकडे जोडायचे असतात. ‘रानापाठोपाठ दरवळ रामाच्या वाट्याला (४)’ यात ‘वन’ आणि मागोमाग ‘वास’ आला की ‘वनवास’ तयार होतो. वनवासातला वास राहण्याचा आहे, दरवळणारा नव्हे. पण कोडेकाराला अक्षरांशी कर्तव्य आहे, व्युत्पत्तीशी नाही. किंबहुना एकाच उच्चाराचे हे दोन शब्द इतके दूरचे आहेत, म्हणूनच या शोधसूत्राला गोडी आली आहे.

सवयीसाठी एक उपाय मी आवर्जून सुचवेन. पंधरा दिवस कोडे सोडवूच नका. आदल्या दिवशीचे कोडे उत्तरांसह समोर घ्या, प्रत्येक शोधसूत्रात व्याख्या जिथे संपते तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा आणि उरलेला प्रत्येक शब्द कोणते काम करतो ते समासात लिहा. उत्तराकडून शोधसूत्राकडे असा उलटा प्रवास केला की ‘विस्कटलेले’, ‘दडलेले’, ‘उलटे’, ‘पोटात’ असे खुणेचे शब्द आपोआप नजरेत भरू लागतात.

प्रश्न : आम्ही काही मित्र पाळीपाळीने रोजच्या गूढ कोड्याचे परीक्षण लिहितो. ‘छान होते’, ‘फार अवघड होते’ यापलीकडे आमचे लिखाण सरकत नाही. परीक्षण नेमके कशाचे करायचे?

उत्तर : अवघडपणा हा दोष नव्हे आणि सोपेपणा हा गुण नव्हे, तपासायचा तो प्रामाणिकपणा. ‘द ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश साप्ताहिकात १९२६ पासून टॉर्केमाडा या टोपणनावाने गूढ कोडी येऊ लागली, तेव्हा कोडेकाराने सोडवणाऱ्याला किती फसवावे याला धरबंध नव्हता. पुढे ॲफ्रिट या टोपणनावाच्या कोडेकाराने १९४९ साली एक दंडक घालून दिला. त्याचा आशय असा, की मी बोलतो तसाच माझा अर्थ असला पाहिजे असे नाही, पण माझा जो अर्थ आहे तो माझ्या शब्दांत असलाच पाहिजे. टॉर्केमाडानंतर १९३९ साली आलेल्या झिमेनीझने या दंडकाला शिस्तीचे रूप दिले. त्याच्या जागी १९७२ पासून आलेल्या अझेडने तर चांगल्या शोधसूत्राचे घटक तीनच सांगितले : नेमकी व्याख्या, रास्त कृती आणि याखेरीज काहीही नाही.

हा तिसरा घटकच परीक्षकाची कसोटी आहे. ‘एक मळकट कापडात दडलेले फूल (३)’ हे शोधसूत्र घ्या. ‘एक मळकट’ ही अक्षरे सलग वाचली तर मधोमध ‘कमळ’ दिसते, म्हणजे उत्तर निर्विवाद आहे. पण ‘कापड’ तिथे काय करते आहे? त्याच्यातून एकही अक्षर येत नाही. केवळ वाक्य सजवण्यासाठी ते आणले आहे आणि सोडवणारा विनाकारण त्याच्या मागे लागतो. शिवाय ‘एक मळकट कापडात’ हे मराठीही नीट नाही; ‘एका मळकट कापडात’ म्हणायला हवे आणि तसे म्हटले की ‘क’चा ‘का’ होऊन कमळ नाहीसे होते. याऐवजी ‘एक मळकट लपवतो फूल’ म्हटले, तर चारही शब्द कामाला लागतात आणि व्याकरणही शाबूत राहते. परीक्षणात असे एक शोधसूत्र तरी उलगडून दाखवावे, जमल्यास दुरुस्तही करून दाखवावे.

त्याखेरीज आडव्या आणि उभ्या शब्दांच्या खुणांकडे लक्ष द्या. ‘उलटी वाहणारी’ ही खूण आडव्या शब्दाला शोभते. उभ्या शब्दात उलटी अक्षरे खालून वर जातात, म्हणून तिथे ‘वर चढणारी’ हवी. तसेच जिथे उत्तर अंदाजाने आधी सुचले आणि उलगडा मागाहून झाला, तिथे परीक्षणात तसे लिहा. वाचणाऱ्याला त्याचा फार आधार वाटतो, कारण बहुतेकांचे तसेच झालेले असते.

प्रश्न : सोडवताना शब्दकोश उघडणे ही लबाडी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. अझेडच्या कोड्यासाठी तर चेंबर्सचा इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवण्याची शिफारसच असे. मात्र कृतीवरून शब्द आधी स्वतः घडवावा आणि तो भाषेत आहे का, एवढ्यापुरता कोश उघडावा.

प्रश्न : एका मराठी कोड्यात ‘बिथरलेला नवरा झाडावर सापडला (३)’ असे शोधसूत्र होते आणि उत्तर ‘वानर’ दिले होते. माझ्या मते हे चूक आहे. आपले मत काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि मराठीत गूढ कोडी रचणाऱ्या प्रत्येकाला तिचे उत्तर द्यावे लागेल. इंग्रजीत स्वरही स्वतंत्र अक्षरे असतात आणि प्रत्येकाला आपले घर मिळते. त्यामुळे अक्षरांची उलथापालथ करताना वाद होत नाही. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी व्यंजनाला बिलगून एकाच घरात राहतात. ‘नवरा’ची घरे न, व, रा, ‘वानर’ची वा, न, र. म्हणजे इथे घरांची अदलाबदल तर झालीच, शिवाय ‘रा’चा काना काढून ‘व’ला दिला गेला. घरे अखंड ठेवली तर ‘नवरा’च्या रचना होतात सहा, काना सुटा केला की त्याच अठरा होतात. सोडवणाऱ्यावर तिप्पट भार टाकायचा असेल, तर कोड्याच्या माथ्यावर तशी सूचना हवी. ती नसेल तर अक्षर स्वरचिन्हासकट, जोडाक्षर असल्यास जोडाक्षरासकट, अखंडच हलवावे असे माझे ठाम मत आहे. ‘विस्कटले कमल, उरली लेखणी (३)’ यात ‘कलम’ मिळते आणि कोणतेही घर फोडावे लागत नाही.

तरीही या कोडेकाराची एक गोष्ट नजरेआड करू नये. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्दाचे सामान्यरूप होते, ‘नवरा’चा ‘नवऱ्या’ होतो आणि हवी ती अक्षरे हातून निसटतात. त्याने ‘नवरा’ प्रथमेत ठेवला आणि तरीही वाक्य ओघवते राखले, हे सोपे काम नाही. आपण त्याला पत्र लिहाल तेव्हा हे आधी नोंदवा आणि मग कान्याबद्दल विचारा.