प्रयोगशाळेतील ‘क्वालिटी’चे काम आणि आपली मुलगी

स. न. वि. वि.

औसा तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलीला विषाणू-तपासणीच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता नियंत्रणाचे काम करायचे आहे आणि नातेवाईक मात्र ‘ही नुसती रजिस्टरे भरायची नोकरी, त्यापेक्षा बी.एड. करू द्या’ असे म्हणतात, असे आपण कळवले आहे. माझे मत मुलीच्या बाजूने आहे.

विषाणूचा अंश शोधणाऱ्या आरटी-पीसीआर तपासणीच्या प्रत्येक फेरीत रुग्णांच्या नमुन्यांशेजारी एका खाचेत नमुन्याऐवजी केवळ शुद्ध पाणी घातलेले असते. बाकी रसायने तीच. यालाच ‘निगेटिव्ह कंट्रोल’ म्हणतात. पाण्यात विषाणू नसतोच, म्हणून संगणकाच्या पडद्यावर त्या खाचेची रेषा शेवटपर्यंत सपाट राहिली पाहिजे. ती वर चढली, तर त्या फेरीचे अहवाल रोखून कारण शोधावे लागते, मग बाहेर नातेवाईक कितीही ताटकळत असोत. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने राज्यांना पाठवलेल्या करोना किटमधील दोष याच पद्धतीने उघड झाला. विषाणू नसतानाही किटमधील एक घटक पॉझिटिव्ह दाखवत आहे, हे तेथील प्रयोगशाळांनी वापरापूर्वीच्या पडताळणीत पकडले.

निगेटिव्ह अहवालाचीही अशीच परीक्षा असते. करोनाच्या अनेक किटमध्ये विषाणूबरोबर माणसाच्या पेशीतले आरएनेज-पी हे जनुकही शोधले जाते. विषाणू सापडला नाही आणि हे जनुकही सापडले नाही, तर स्वॅब नीट घेतला गेला नसावा किंवा नमुन्यातून आरएनए हे जनुकीय द्रव्य वेगळे करताना काही चुकले असावे. अशा वेळी ‘निगेटिव्ह’ न लिहिता पुन्हा नमुना मागवायचा असतो. नव्याने उद्भवणाऱ्या विषाणूंबाबत ही दक्षता अधिकच लागते, कारण विषाणू बदलतो आणि काल चालणारे किट आज अपुरे पडू शकते. २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला तेव्हा काही किटना त्याचे एस जनुक दिसेनासे झाले होते. इतर जनुकेही तपासली जात असल्यामुळेच रुग्ण सुटले नाहीत.

आपल्या मराठवाड्यात तर काम नमुना येण्याआधीच सुरू होते. मे महिन्याच्या उन्हात उदगीर किंवा अहमदपूरहून लातूरला निघालेल्या डब्यातला बर्फ वाटेत वितळला, तर आरएनए नष्ट होऊन खरा रुग्णही निगेटिव्ह ठरू शकतो. म्हणून डबा उघडताच आतले तापमान पाहून वेळेसह नोंदवणे आणि गळका नमुना नाकारणे आवश्यक असते. नातेवाईक ज्याला रजिस्टर भरणे म्हणतात, ते हेच.

पगाराविषयी आपली काळजी रास्त आहे. करोनाच्या काळात भरलेली अनेक पदे कंत्राटी होती, तेव्हा केवळ बी.एस्सी.वर थांबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एम.एस्सी. करावी, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील विषाणूशास्त्राच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षाही द्यावी. आयएसओ १५१८९ हे वैद्यकीय प्रयोगशाळांचे मानक तिने आतापासूनच अभ्यासावे, कारण प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता त्याच आधारे मिळते आणि ते जाणणाऱ्या माणसाची गरज खासगी प्रयोगशाळांनाही असते.

पहिल्या मुलाखतीला जाईल तेव्हा तिने एक प्रश्न अवश्य विचारावा: मागच्या वेळी निगेटिव्ह कंट्रोल बिघडला तेव्हा आपण काय केले? ‘आमच्याकडे तो कधीच बिघडत नाही’ असे उत्तर आले, तर तिने दुसरी प्रयोगशाळा पाहावी.

कळावे.