वर्णपट वाचताना घाई नको

लघुग्रहाचा पहिला वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती येतो याचा आलेख, हातात आला की लगेच खनिजाचं नाव घ्यावंसं वाटतं. माझंही तसंच झालं होतं. पण लघुग्रहाकडून येतो तो सूर्याचाच प्रकाश, परतलेला. म्हणून त्याच रात्री, आकाशात साधारण तेवढ्याच उंचीवर असलेला सूर्यासारखा तारा टिपा आणि त्याच्या वर्णपटानं लघुग्रहाच्या वर्णपटाला भागा. इथं आळस केलात, तर पृथ्वीच्या हवेतली वाफ तुम्हाला लघुग्रहावर दिसू लागेल!

मग 1 मायक्रॉन तरंगलांबीजवळची खाच बघा, म्हणजे खनिजानं प्रकाश शोषल्यानं आलेखात पडलेला खड्डा. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही दोन सिलिकेट खनिजं, दोघांचीही खाच तिथंच. पायरॉक्सिनची दुसरी 2 मायक्रॉनजवळ येते, ऑलिव्हिनची येत नाही. 1970 साली अशाच खाचेवरून वेस्टा या मोठ्या लघुग्रहाचा पृष्ठभाग बेसाल्टी, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचा, असल्याचं ओळखलं गेलं; नासाचं डॉन यान तिथं पोचलं 2011 मध्ये.

आलेखाच्या चढावर मात्र फार विसंबू नका. सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्यानं सिलिकेटी पृष्ठभाग लालसर होतो, खाचा उथळ होतात. त्यामुळेच एस प्रकारचे, म्हणजे सिलिकेटी खडकाचे, लघुग्रह आणि साधे कॉन्ड्राइट हे पृथ्वीवर सर्वाधिक पडणारे अशनी यांचं नातं कित्येक वर्षं वादात होतं. हायाबुसा या जपानी यानानं 2010 मध्ये इटोकावा या एस प्रकारच्या लघुग्रहाचे कण आणले, तेव्हा कुठे ते पक्कं झालं.

आणि खाचच नसेल तर? धातू काय, काळाकुट्ट कार्बनी खडक काय, आलेख बहुतेक सपाटच. तिथं पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो ते हवं, जमल्यास रडारची मोजमापंही. नुसत्या सपाट रेषेवरून ‘धातूचा’ असं लिहून मोकळे होऊ नका.