मॅपिंगचं नंतर बघू, आधी तो पॉलिसीचा चेक थांबवा

प्रश्न: वय ४१, शिकवण्याची नोकरी, घरात कमावणारा मी एकटाच. मेंदूत डाव्या बाजूला बोलण्याच्या भागाजवळ ट्यूमर निघालाय. सर्जन म्हणतात जागं ठेवून, मॅपिंग करत काढू. त्याचा जादा खर्च आमच्या एका महिन्याच्या घरखर्चाएवढा. एफडी १४ महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. ऑपरेशनला मॅपिंग धरून ४ महिन्यांचे जातील, ६ महिन्यांचे गंभीर आजाराच्या सिंगल प्रीमियम पॉलिसीत टाकतोय, एजंट म्हणतो फॉर्मवर ट्यूमर लिहू नका. ३ आठवड्यांत कामावर जाईनच. मॅपिंग टाळू का?

उत्तर: नका टाळू. मेंदूवर बारीक करंट देत तुम्हाला चित्रं दाखवतात, नाव सांगताना अडखळलात की सर्जन ती जागा सोडतो. आधीच्या एमआरआयवर भागत नाही, कवटी उघडली की मेंदू थोडा सरकतो. ग्लायोमा या मेंदूच्या ट्यूमरच्या ८,००० वर रुग्णांचे अभ्यास २०१२ साली एकत्र तपासले, त्यात टिकून राहिलेलं गंभीर नुकसान मॅपिंगसह ३.४ टक्के, त्याशिवाय ८.२. तुमचं पोट बोलण्यावर आहे, एका महिन्याच्या पैशासाठी कशाला जुगार?

आता न विचारलेलं. ती पॉलिसी म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, आणि त्यात तुम्हीही सही करताय. रिपोर्ट हातात असताना लपवून घेतलेला विमा क्लेमच्या वेळी पहिल्याच तपासणीत उडतो, कारण तारखा फाइलमध्येच असतात, आणि तोवर एजंटचं कमिशन त्याच्या खिशात गेलेलं असतं. हिशोब बघा, १४ मधून ४ गेले, ६ गेले, उरले ४. पॉलिसी नको म्हटलं की उरतात १०.

आणि ते १० लागतील हो. ३ आठवडे तुम्हाला कोणी सांगितले? मॅपिंग नीट झालं तरी या भागाजवळच्या ऑपरेशननंतर काही जणांचं बोलणं किंवा हालचाल काही आठवडे, कधी महिने मंदावते, बहुतेकांची हळूहळू परत येते, पण वर्गात उभं राहून सलग तासभर बोलणं वेगळं. शिवाय ट्यूमरच्या प्रकारानुसार रेडिएशन किंवा केमो लागू शकते. मी ६ महिने बिनपगारी धरतो, त्यात स्पीच थेरपी वेगळी.

एफडी एकट्याच्या नावावर असेल तर ऑपरेशनच्या तारखेआधी बँकेत जाऊन जोडीदाराचं नाव घाला, आणि पैसे काढायचा अधिकार दोघांपैकी कुणालाही राहील असं लिहून घ्या.