बावीस बाटल्या

सोसायटीच्या लेटरहेडवरचं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी एस.वाय.बीएस्सीला, प्राणिशास्त्र घेतलेलं. बारावीचे आणि दोन्ही ‘नीट’चे गुण तुम्ही तक्ता आखून दिलेत. तिचं स्वतःचं म्हणणं काय, याचं मात्र एक वाक्य नाही. ‘जंगलातल्या पाचोळ्यातले कोळी शोधायचं खूळ’ एवढंच. हे कोळी जाळं विणणारे नव्हेत, त्यांच्या नात्यातले बारीक जीव, इंग्रजीत ‘माइट’. आणि शेवटी, जाता जाता, तिच्या बावीस बाटल्या कचऱ्याच्या गाडीत दिल्याचं कळवलंत.

‘नीट’ तिसऱ्यांदा द्यायला लावू का, हा तुमचा प्रश्न. नाही. आता बाटल्यांचं बोलू.

त्या प्रत्येक बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवलेले कोळी आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असणार: कुठला पाला, कोणती तारीख. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून पेन्सिल. तुम्ही फेकलात तो कचरा नव्हता, तिची वही होती. आधी तिची माफी मागा. विजेच्या बिलाची तक्रारही मागे घ्या. पाल्यावर रात्रंदिवस जळणारा तो दिवा बर्लेस फनेलचा, म्हणजे पाल्यातले जीव वेगळे काढणाऱ्या नरसाळ्याचा. पाला वरून सुकत जातो, कोळी ओलावा शोधत खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. युक्ती 1905 सालची, तिच्यात बल्ब नंतर आला. 40 वॉटचा बल्ब तीन दिवस जळला तरी तीन युनिट होत नाहीत.

‘हल्ली मोबाइलवर फोटो टाकला की नाव कळतं, मग हिला कोण विचारणार?’ फुलपाखराचं कळत असेल. हे जीव बहुतेक मिलिमीटरपेक्षाही लहान. लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करून, स्लाइडवर बसवून, अंगावरचे नि पायांवरचे केस मोजत बसावं लागतं. पाचोळ्यातल्या ओरिबॅटिड गटात पिल्लू आणि प्रौढ वेगळे प्राणी वाटावेत इतके निराळे असू शकतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तर पायही सहाच, आठ नंतर होतात. या गटाच्या दहा हजारांवर जाती नोंदल्या गेल्यात, आणि ज्यांना अजून कुणी नावच दिलेलं नाही त्यांचं नाव मोबाइल कुठून आणणार?

नोकऱ्या थोड्या आहेत, ते खरं. एमएस्सी, नेट-जेआरएफ, पीएचडी हा ठरलेला रस्ता. झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र पुण्यातही आहे. पण कोळी ओळखणारी नजर शेतीलाही लागते. नारळावर चट्टे पाडणारा इरिओफाइड आणि शेतकऱ्यांचा ‘लाल कोळी’ हेही माइटच.

तिलाही एक सांगायचंय. पाचोळा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून आणत असेल, तर ते आजपासून बंद. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथलं पानही उचलायचं नसतं. शिकायला तुमच्या सोसायटीच्या आंब्याखालचा पाचोळा पुरे, फक्त तो रोज झाडला जातो. एक कोपरा तसाच ठेवा, असं सफाईवाल्या मावशींना सेक्रेटरीनेच सांगावं लागेल. पत्राखाली सही त्याच हुद्द्याने केलीत ना तुम्ही?